मंगल आणि तुंगा

लिपीचे महत्त्व सीमाभागातील वाचकांस निराळे सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली, आणि तेव्हापासून पाटी कोणत्या अक्षरांत असावी हा येथे वादाचा विषय होऊन बसला. कचेरीत कानडी टिपणी आणि घरी मराठी पत्र, अशी आमची सारी नोकरी गेली. म्हणूनच या दोन्ही लिपींचे संगणकावरील परिचित वळण एकाच मराठी कलावंताच्या देखरेखीखाली सिद्ध झाले, याची नोंद येथे करावीशी वाटते.

ते कलावंत म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८). मुंबईच्या जे. जे. मध्ये त्यांनी उपयोजित कला शिकली, पुढे 'उल्का' या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शन केले. अक्षराच्या आकारातूनच अर्थ उमटावा अशा कविता त्यांनी रचल्या, अक्षरलेखनाचे जाहीर प्रयोगही केले. रूढ वाचकाला हा विक्षिप्तपणा वाटला असल्यास नवल नाही. १९८३ मध्ये ते मुंबईच्या आय. आय. टी. त अध्यापक झाले, आणि या प्रयोगशील हाताला संगणक शिकण्याची पाळी आली.

ही विद्या सोपी नव्हती. बोरूचा छाट तिरपा असतो, म्हणून रेघ आपोआप जाड-बारीक होते. हाताला ते सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र केवळ बिंदू आणि वक्ररेषा कळतात. तेव्हा आपला हात नेमके काय करतो, हे कलावंताला स्वतःलाच विचारावे लागते. जोडाक्षरांचा पेच तर आणखी बिकट. देवनागरीत अर्धे अक्षर बहुधा शेजारी बसते, कानडीत दुसरे व्यंजन 'ओत्तक्षर' होऊन खाली उतरते. प्रत्येक जोडणीचा नियम यंत्रास शिकवावा लागतो. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतील अभियंत्यांसह जोशींनी अक्षररचनेसाठी 'विन्यास' ही प्रणाली घडविली, ती याच खटाटोपातून. आमच्या मते त्यांच्या साऱ्या प्रयोगांत हा सर्वांत धाडसी होय.

पुढे विंडोज २००० बरोबर देवनागरीचा 'मंगल' आला, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर कानडीचा 'तुंगा'. दोहोंच्या रचनेचे प्रमुख जोशीच.

मराठी मनाला एक गोष्ट मात्र खटकते. मंगलमधील 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेत एकच, त्यामुळे रूप कोणते दिसावे हे टंकावर अवलंबून राहते. यावरून जोशींना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. देवनागरीचा एकच टंक अनेक भाषांना पुरवायचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वापरण्याचा निर्णय काढला. तो येथे लागू नाही. पण आपल्या वाचनालयांच्या अहवालांत आणि लग्नपत्रिकांत कोणता 'ल' छापायचा, हे छापखान्यात जाऊन आपल्यालाच सांगता येईल.