सार्जंटची ‘लेडी ससून’: एका गुलाबी अस्तराचे चित्र

बीड, आष्टी, पाटोदा या भागात रुग्ण गंभीर झाला की नातेवाइकांच्या तोंडी ठरलेली नावे येतात: अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, नाहीतर पुण्याचे ससून. यातले ‘ससून’ हे मुळात आडनाव आहे. ज्या घराण्याचे ते आडनाव, त्याच घराण्यातल्या एका सुनेचे तैलचित्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश व्यक्तिचित्रांमध्ये आवर्जून पाहिले जाते. चित्राचे नाव ‘लेडी ससून’, साल १९०७, चित्रकार जॉन सिंगर सार्जंट.

कोण होत्या लेडी ससून?

डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. १८३२च्या सुमारास ते मुंबईत आले, १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि तिथल्याच ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे रुग्णालय त्यांच्या मृत्यूनंतर, १८६७ मध्ये सुरू झाले. थोरला मुलगा अल्बर्ट याने कुलाब्याचा ससून डॉक बांधला. मुंबईतल्या ‘काळा घोडा’ या भागाला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळाही त्याचीच देणगी. (तो पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला, नाव मात्र जागेवरच राहिले.)

अल्बर्ट पुढे इंग्लंडला स्थायिक झाला. त्याचा मुंबईत जन्मलेला मुलगा एडवर्ड तिथे खासदार झाला. १८८७ मध्ये एडवर्डचे लग्न पॅरिसच्या रोथ्सचाइल्ड या बँकर घराण्यातल्या अलीनशी झाले. चित्रातली स्त्री ती हीच.

चित्रात काय आहे?

अलीन यांनी ऑपेराला जाताना घालायचा काळ्या तफेत्याचा घोळदार झगा पांघरला आहे. डोक्यावर काळी हॅट, गळ्यात मोत्यांची माळ. एवढा काळा रंग एकत्र आला की चित्र जड होण्याची भीती असते. सार्जंटने त्यावर काढलेली तोड शिंप्याच्या नजरेने पाहिली तर उलटीच आहे: त्याने झगा वळवून, दुमडून त्याचे गुलाबी अस्तर बाहेर आणले. जे आत लपायचे ते वरून खालपर्यंत नागमोडी वाहणारी रेघ बनले. नजर त्या रेघेवरून चालत चेहऱ्याकडे जाते, लांब बोटांच्या हाताकडे येते आणि पुन्हा वर वळते. बाई स्तब्ध आहे, पण चित्र हलते आहे असे वाटते ते यामुळे.

सार्जंटची कामाची पद्धतही इथे उपयोगी पडली. तो कॅनव्हास समोर बसलेल्या व्यक्तीच्या शेजारीच उभा करायचा, लांब जाऊन दोन्हींकडे एकाच वेळी पाहायचा, मग झपाझप पुढे येऊन फटकारा मारायचा. मनासारखे झाले नाही तर खरवडून पुन्हा सुरुवात. त्यामुळे त्याचे कापड जवळून नुसते रंगाचे पट्टे दिसते आणि चार पावले मागे सरकले की रेशीम होते.

१९०७ हेच साल सार्जंटच्या आयुष्यातही वळणाचे. श्रीमंतांची व्यक्तिचित्रे रंगवून तो कंटाळला होता. याच सुमारास त्याने मोठ्या तैल व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळपास थांबवले आणि मागणी आली तर कोळशाने चेहरा रेखाटून देऊ लागला. अलीन यांचे चित्र वेळेत झाले म्हणायचे, कारण दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

जे चित्रात दिसत नाही

ससूनांचा पैसा कापसाचा होता, तसाच अफूचाही. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारात ही पेढी आघाडीवर होती. पुण्याचे रुग्णालय आणि लंडनमधली श्रीमंती यांचा उगम एकच. मात्र अलीन स्वतः युरोपातल्या सर्वांत धनाढ्य घराण्यांपैकी एकातून आलेल्या होत्या, त्यामुळे तो झगा मुंबईच्या पैशाचा असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. खुद्द चित्रात मुंबईची एकही खूण नाही. ‘ससून’ हे नाव तेवढे आहे.

सार्जंट आणि या कुटुंबाचे संबंध पुढेही टिकले. त्याने मुलगी सिबिल हिला १९१३ आणि १९२२ मध्ये, तर मुलगा फिलिप याला १९२३ मध्ये रंगवले.

अलीन यांचे चित्र खासगी मालकीचे असल्याने एरवी सहज पाहायला मिळत नाही. २०२३-२४ मध्ये आधी बॉस्टन आणि मग लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये ‘सार्जंट आणि फॅशन’ या विषयावर प्रदर्शन भरले, तेव्हा ते मांडले होते. कुटुंबाने जपून ठेवलेला तो खरा झगाही सोबत होता. कपड्यांच्या गर्दीत चित्रे झाकोळली, अशी तक्रार काही समीक्षकांनी केली. या एका चित्रापुरती ती पटत नाही. झगा समोर असला की अस्तर मुद्दाम उलटवून दाखवलेले आहे, हे लगेच कळते.