अल्कोआ : कामगारसुरक्षा व शाश्वतता
अल्कोआ ही १८८८ मध्ये पिट्सबर्ग येथे स्थापन झालेली अमेरिकन ॲल्युमिनियम उत्पादक कंपनी. पॉल ओनील यांनी १९८७ मध्ये तिची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांनी गुंतवणूकदारांसमोर नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेला अग्रक्रम दिला. त्या वेळी दर १०० कामगारांमागे वर्षाला सुमारे १.८६ असलेले, कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचे प्रमाण त्यांच्या कारकिर्दीअखेर सुमारे ०.२ वर आले. कंपनीचा नफाही वाढला.

सुरक्षा आणि पर्यावरण यांचे मूळ एकच, ते म्हणजे प्रक्रियेवरील नियंत्रण. ॲल्युमिनियम बनवणाऱ्या सुमारे ९६० अंश सेल्सिअसच्या विद्युत्‌-विघटन घटात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) कमी पडले की व्होल्टेज एकाएकी चढते आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी तापकारक फ्लुओरोकार्बन वायू सुटतात. कामगारालाही बिघडलेल्या घटाजवळ जावे लागते. पुनर्वापरातही हेच दिसते. ॲल्युमिनियमचे भंगार वितळवण्यास नव्या धातूसाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. मात्र भट्टीत ओले भंगार पडले, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

दुखापती दडवूनही आकडे सुधारतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दुखापतींच्या संख्येबरोबर थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी व घटांतील बिघाडांची वारंवारताही तपासावी लागते. सुरक्षेवरील खर्चाने उत्पादन महागते, हा दुसरा आक्षेप मात्र अल्कोआच्या अनुभवापुढे टिकत नाही. कामगाराला इजा करून मिळवलेल्या धातूला शाश्वत म्हणता येत नाही.