घाटाखालची तार

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की आधी विचारतात, घाटाखालचे का घाटावरचे? खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. जुन्या कागदांतले पायनघाट आणि बालाघाट ते हेच. मी घाटाखालचा, खामगावचा. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पहाटे गाडीत बारा व्होल्टची बॅटरी, पाच वॅटचा हॅम रेडिओ, दहा मीटरचा फायबरचा खांब आणि वायरचं भेंडोळं टाकलं, भाच्याला बरोबर घेतलं आणि चिखलीच्या रस्त्याने घाट चढलो. दोन दिवस फिरायचं, संध्याकाळी रेडिओ लावायचा, एवढाच बेत.

डब्याच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली वडिलांची पितळी मोर्स की होती. वडील तार ऑफिसात होते. जेवताना त्यांचं बोट ताटाच्या काठावर वाजत राहायचं. छोटा ठोका कट्ट, लांब ठोका कड्ड. बाराखडीच्या आधी मला इंग्रजी अक्षरं अशी कानाने कळली. १४ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली. त्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून रांगा लावून तारा केल्या. वडिलांनी केली नाही. कपाटातून की काढली, चिंचेनं घासून लख्ख केली आणि माझ्या हातात दिली.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, झालो तो या कीमुळे. पण ती हातात घेतली की मला नेहमी खामगावचं १८७० साल आठवतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८५३ च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर आली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आला, तो जलंबहून खामगावला आणलेला आठेक मैलांचा रेल्वेचा फाटा उघडायला. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय! कारण त्या टोकाला वऱ्हाडातली सगळ्यात मोठी कापसाची पेठ होती. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता, आणि १८७० मध्येच मुंबईहून इंग्लंडपर्यंत समुद्राखालून तार जोडली गेली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं तारेनं मागणी करायची आणि सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तिकडच्या धक्क्यावर उतरून घ्यायचा, इतकं ते जवळ आलं.

शाळेत आम्हाला हे अभिमानानं सांगत. मला त्यात अभिमान वाटत नाही. तार आली ती व्यापाऱ्याच्या कानाशी. लिव्हरपूलचा भाव पेठेत आधी कळायचा. बंडी घेऊन रात्रभर चालत आलेल्या शेतकऱ्याला पेठेत सांगितला जाईल तोच भाव. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेल्या, आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. रेल्वे होती, तारही होती. वडिलांची नोकरी त्या तारेवर झाली, आमचं घर तिच्यावर चाललं, म्हणून हे सांगताना मला जड जातं. पण ते तसंच आहे.

मेहकरला कंचनीचा महाल पाहिला. कंचनीला म्हणे असा उंच महाल हवा होता, की गच्चीवरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा. देवी कोपली आणि कंचनीचा दगड झाला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका संग्रहाचं नावच 'कंचनीचा महाल' आहे. मला या कथेत रेडिओवाल्याची हौस दिसते. लोणार तिथून वीसेक किलोमीटर, आणि कमळजेचं देऊळ विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठावर. विवर पावणेदोन किलोमीटरहून रुंद, कडा शंभर मीटरहून उंच. नजरेच्या रेषेत तो दिवा येणं शक्यच नाही. पूर्वी एकदा तळाशी उतरून हातातल्या छोट्या सेटवरून गावातल्या मित्राला हाक मारली होती, तेव्हा त्याचा आवाज खरखरून तुटला होता. तोही सरळ रेषेतच चालतो. माझ्या हॅम रेडिओच्या चाळीस मीटरच्या लहरी मात्र वर वातावरणातल्या आयनांबराला टेकून दूरवर उतरतात. त्यांना कडा आड येत नाही.

लोणारचं नाव जगाकडे असंच टप्प्याटप्प्यानं गेलं. 'ऐन-ए-अकबरी'त या खाऱ्या तळ्याची आणि काच-साबणाला लागणाऱ्या त्याच्या क्षाराची नोंद आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याच्याबद्दल लिहिलं. नंतर कितीतरी वर्षं पंडित त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. उल्कापाताचा पक्का पुरावा १९७३ मध्ये छापला गेला. आणि गावातल्या बायका तेवढी सगळी शतकं त्याच तळ्याचा पापडखार पापडात घालत होत्या.

अभयारण्यात खांब लावायचा नसतो. म्हणून विवरापासून बऱ्याच अंतरावर एका शेताच्या बांधावर जागा पाहिली. खांब उभा करतोय तोच शेतमालक झपाझप आले. चेहरा उतरलेला.

"मोजणी करून राह्यले काय भाऊ?"

समृद्धी महामार्गाच्या वेळी अशाच काठ्या घेऊन माणसं आली होती, त्यांना तेच आठवलं. "नाही दादा, रेडिओ आहे. रात्री काढून नेतो, तुमची परवानगी असेल तर." त्यांनी वायर हातात घेऊन पाहिली, मग बांधावर बसले.

"सोयाबीनचा भाव सांगते काय हे?"

मी क्षणभर बोललोच नाही. दीडशे वर्षांनी प्रश्न तोच होता, फक्त पीक बदललं होतं. हॅमला धंद्याचे निरोप न्यायला कायद्यानंच मनाई आहे, हे मी त्यांना सांगितलं. "मंग बोलता काय?" नाव, गाव, आवाज कसा पोचतोय, हवा कशी आहे. "बस?" "बस, दादा."

दिवस मावळला. हेडफोनचा एक कान मी त्यांना दिला. भाच्यानं बॅटरीच्या उजेडात वही धरली. सीक्यू, सीक्यू, म्हणजे कुणीही ऐकत असाल तर या. पाचव्या-सहाव्या हाकेला चेन्नईचं एक स्टेशन आलं, खोल विहिरीतून यावं तसं. त्यानं क्यूटीएच विचारलं, म्हणजे ठिकाण. मी एल, ओ, एन, ए, आर वाजवलं. मध्येच लहर विरली. त्यानं तीनच अक्षरं आणि प्रश्नचिन्ह परत पाठवलं. वडील अशा वेळी घाई करत नसत. अक्षरांमध्ये श्वासाएवढी जागा सोडून मी नाव पुन्हा वाजवलं. शेवटचं आर: कट्ट, कड्ड, कट्ट.

थोडा वेळ नुसती सरसर. मग तिकडून एकटा आर आला. तारवाल्यांच्या बोलीत एकट्या आरचा अर्थ 'मिळालं'. आणि त्यामागून पाचही अक्षरं, सावकाश, एकही न चुकता.

"काय म्हणते तो?" दादांनी विचारलं.

"लोणार म्हणतोय."