बैठक आणि मेज

सीताबर्डीच्या टेकडीवरून पाहिलें असतां नागपूर दोन निराळ्या वस्तींत विभागलेलें दिसतें. पूर्वेस महाल व त्याच्या भोवतालच्या जुन्या पेठा. पश्चिमेस सिव्हिल लाइन्सचे बंगले. पहिल्या वस्तींतील माणूस पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसत आला. दुसऱ्या वस्तींत आलेला साहेब खुर्चीवर बसला. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु माणसें कशीं बसतात यावर तीं काय खेळतात, आणि कोणाशीं खेळतात, हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. पत्त्यांच्या मेजाचा इतिहास हा याच गोष्टीचा इतिहास होय.

हिंदुस्थानांत पत्त्यांचा खेळ रुजला तो गंजिफ्याच्या रूपानें. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोंगली गंजिफ्यांत आठ रंग व प्रत्येक रंगांत बारा, अशीं ९६ पानें असत. कोंकणांत त्याला ‘चंगकांचन’ म्हणतात. दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग व १२० पानें. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें असतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हातीं राम, त्यानें डाव सुरू करावा. रात्रीं असेल तर ज्याच्या हातीं कृष्ण, त्यानें. खेळासही वेळेचें भान होतें.

हीं पानें वाटोळीं व लाखेनें टणक केलेलीं असतात. चौकोनी पत्त्यांप्रमाणें तीं हातांत सहज पिसतां येत नाहींत. म्हणून स्वच्छ चादर अंथरावयाची, तिच्यावर सर्व पानें पालथीं पसरावयाचीं, आणि दोन्ही तळव्यांनीं तीं कालवावयाचीं. तिघां खेळाडूंत ९६ पानें वाटलीं म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ३२ येतात. एवढा पसारा मांडावयास ऐसपैस जागा हवी. चादर हेंच गंजिफ्याचें मेज होय. तिला कोपरे असले तरी जागा ठरलेल्या नसतात. नवा माणूस आला कीं बसलेले थोडे सरकतात. ज्याला खेळावयाचें नाहीं, तोहि लोडास टेकून डाव पाहतो आणि न विचारतां सल्ला देतो.

इंग्लंडांत याच्या अगदीं उलट घडलें. तेथें सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पत्त्यांसाठीं खास मेजें तयार होऊं लागलीं, आणि प्रत्येक खेळानें मेजाला आपला आकार दिला. ओंबर हा तिघांचा खेळ. त्याकरितां तिकोनी मेजें निघालीं. व्हिस्ट हा समोरासमोर बसणाऱ्या दोन जोड्यांचा खेळ. त्याला चौकोनी मेज लागलें. एडमंड हॉइल यानें १७४२ सालीं व्हिस्टवर पुस्तक लिहिलें, आणि तो खेळ घराघरांत शास्त्राप्रमाणें अभ्यासला जाऊं लागला. पुढें लू या अनेकांच्या खेळासाठीं एकाच खांबावर उभें राहणारें गोल मेज आलें.

या मेजांची घडण मोठी युक्तीची होती. वरची फळी बिजागरीनें दुमडून अर्धी होई, आणि मेज भिंतीशीं लावून ठेवतां येई. खेळाच्या वेळीं मागचा पाय फाटकासारखा बाहेर ओढावयाचा व उघडलेली फळी त्यावर टेकवावयाची. आंत हिरवें लोंकरी कापड ताणून बसविलेलें असे. त्यावरून पान घसरत नाहीं, तें बोटांनीं चटकन उचलतां येतें, आणि नाण्यांचा खणखणाट होत नाहीं. कोपऱ्यांवर मेणबत्त्या ठेवण्यास सपाट जागा, आणि प्रत्येकाच्या पुढें पैशांसाठीं एक उथळ खळगा कोरलेला. १७२१ मध्यें पार्लमेंटानें अमेरिकेंतील वसाहतींच्या इमारती लाकडावरील जकात उठविल्यावर महोगनी स्वस्त झाली व हें सामान मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत पोंचलें. त्या चार खळग्यांचा अर्थ मात्र स्पष्ट होता: येथें चौघेच बसतील, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा राहील.

ही संस्कृति नागपुरास आली ती राजसत्तेच्या पाठोपाठ. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली. १८२१ सालीं कामठीची छावणी वसली. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. त्यानंतर राजवाड्याचें सामान बाहेर निघालें. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस मातीमोल विकले गेले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. राज्य घेण्यापेक्षांहि या लिलांवानें लोकांचीं मनें अधिक दुखावलीं, असें इंग्रज इतिहासकार के यानेंच लिहून ठेविलें आहे. तें साहजिकच होतें. राज्य ही दूरची वस्तु; परंतु दरबारची बैठक ही शहराच्या डोळ्यांसमोरची वस्तु. तिच्यावरील यजमानच निस्तेज झाला, तेव्हां त्याच्या आश्रयानें चालणाऱ्या कला व करमणुकी पोरक्या झाल्या.

१८६१ मध्यें नागपूर मध्यप्रांताची राजधानी झालें आणि १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी येऊन पोंचली. बंगल्यांतून खुर्च्या-मेजें आलीं, आणि व्हिस्टच्या जागीं पुढें ब्रिज आला. विलायती मेजाला येथील हवा मात्र मानवली नाहीं. पातळ पत्रे सरसानें चिकटविलेलें नाजूक काम ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत तडकतें आणि पावसाळ्यांत फुगतें. दुमडत्या फळीच्या दोन अर्धांची सांध मग जुळत नाहीं. अशा हवेंत भरीव सागवानच टिकतें, आणि तें चांद्याच्या अरण्यांत विपुल होतें.

या सर्वांतून मराठी कुटुंबानें जी निवड केली ती मनोरंजक आहे. त्यानें साहेबाचे पत्ते घेतले, पण मेज घेतलें नाहीं. छापील चौकोनी पत्ते स्वस्त होते. इस्पिक, किलवर, चौकट आणि बदाम ही नांवें घरोघरीं झालीं. परंतु पांच-तीन-दोन, मेंढीकोट, झब्बू हे डाव माजघरांत व ओसरीवर, सतरंजीवरच रंगले. झब्बूला पांच भिडू असोत कीं नऊ, सतरंजी तक्रार करीत नाहीं.

यांत गंजिफ्याची मात्र दुहेरी हानि झाली. बैठक राहिली, पण तिच्यावर दुसरे पत्ते आले. हातानें रंगविलेल्या १२० पानांचा संच छापील जोडाशीं किंमतींत कसा टिकणार? चितारी एकेक करून दुसऱ्या धंद्यांकडे वळले. ही कला वांचली ती भोसले आडनांवाच्याच दुसऱ्या एका घराण्यामुळें. सावंतवाडीचे शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांत कारागीर बसवून गंजिफ्याचें काम पुनः सुरू केलें. आज तेथील पानें दूरदूरचे रसिक विकत घेतात.

मात्र त्यांतील बहुतेक पानें पेटींत किंवा कांचेच्या कपाटांत विसावतात. चित्र पाहिल्यानें रंग कळतात, डाव कळत नाहीं. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्यांत एक्का मोठा. कोणतें पान केव्हां टाकावें हें ज्ञान खेळणाऱ्यांच्या तोंडूनच पुढें जातें. नागपूरच्या लग्नघरांत रात्रीं जागरणासाठीं पत्ते निघतात, तेव्हां आजहि सतरंजीच पसरली जाते. त्या सतरंजीवर एखाद्या रात्रीं वाटोळीं पानें पसरलीं गेलीं, तर ज्या जागेसाठीं तीं घडविलीं गेलीं त्या जागीं तीं परत येतील.