प्रोजेस्टेरॉनची गोळी कधी थांबवायची? ती सुरू का केली, त्यावर ठरतं

दिवस गेल्यावर अनेकींना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू होतात. तिसरा महिना संपत आला की घरात विषय निघतो: आता बंद केल्या तर बाळाला धोका नाही ना? याचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही.

शरीरात काय घडतं?
गर्भ टिकवणारं हे संप्रेरक सुरुवातीला बीजांडकोशातल्या पीतपिंडातून येतं. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात हे काम वार हाती घेते. १९७० च्या दशकात डॉ. अर्पाद चापो यांच्या अभ्यासात, सात आठवड्यांच्या आत पीतपिंड काढल्यास गर्भपात झाला. नऊ आठवड्यांनंतर काढल्यास गर्भ टिकला.

कुणी कधीपर्यंत घ्यायची?
• आयव्हीएफ : साधारण ८ ते १२ आठवडे. औषधांनी अस्तर तयार करून गोठवलेला गर्भ ठेवला असेल, तर पीतपिंडच नसतो. तिथे वार तयार होईपर्यंत गोळीचाच आधार, एकही डोस चुकवू नये.
• आधी गर्भपात झालाय आणि आता रक्त जातंय : ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०२१ ची शिफारस अशी, की ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा योनीमार्गात ठेवावी आणि गर्भाचे ठोके दिसले तर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी.
• सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड (२५ मिलिमीटर किंवा कमी) : साधारण ३४ ते ३६ आठवडे. इथे गोळी वेळेआधीची प्रसूती टाळण्यासाठी असते; तिसरा महिना संपला म्हणून बंद करू नये.

एकदम की हळूहळू?
काही डॉक्टर डोस कमी करत नेतात. पण वारेचं काम सुरू झाल्यावर एकदम बंद केल्यापेक्षा त्याचा जास्त फायदा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. मात्र तारीख डॉक्टरांनीच ठरवायची. शेजारणीची गोळी बंद झाली म्हणून आपली नाही.

बंद केल्यावर डाग दिसले तर डॉक्टरांना फोन करा. जास्त रक्त, पोटात कळा, चक्कर किंवा पाणी जाणं असेल तर लगेच दवाखाना गाठा.

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. ते गोळीने थांबत नाहीत. म्हणून 'गोळी सोडली म्हणून झालं' असा ठपका बाईवर ठेवू नये.

माहेरी जाताना
बेळगावहून कोल्हापूरला बाळंतपणाला गेलं की डॉक्टर बदलतात. फाइलवर चार गोष्टी लिहून घ्या : औषधाचं नाव, डोस, कारण आणि थांबवायची तारीख.