वारस नोंदीचा अर्ज: मजकूर एकदाच टाइप करा, एफ३ दाबून आणा

तलाठ्याकडे द्यायचा अर्ज अनेकदा जुन्याच फाइलमध्ये नाव बदलून काढला जातो. त्यात आधीच्या माणसाचा गट नंबर राहून गेला, तर अर्जदाराला पुन्हा हेलपाटा. त्यापेक्षा कोरा मजकूर वर्डमध्ये साठवून ठेवा.

१. नाव, गाव, गट नंबरच्या जागा रिकाम्या सोडून अर्ज तयार करा.
२. शेवटच्या परिच्छेदखुणेसकट सगळा मजकूर निवडा, म्हणजे मांडणीही टिकते.
३. ऑल्ट+एफ३ दाबा, छोटं नाव द्या, ओके करा.
४. नव्या फाइलमध्ये ते नाव टाइप करून एफ३ दाबा. अख्खा अर्ज येतो.

वर्ड बंद करताना ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ सेव्ह करायचे का, असं विचारलं तर ‘सेव्ह’च दाबा, नाहीतर मेहनत वाया.