कार्लोस पेन्या : गोव्याच्या तटबंदीतील स्पॅनिश चिरा

१/
१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अतिरिक्त वेळेत गेला होता. गोलफलक अजून कोरा. एफसी गोवाचा मधल्या फळीतील आधार अहमद जाहू दुसरे पिवळे कार्ड पाहून बाहेर गेलेला. उरलेले दहा जण किल्ला लढवत होते. सामना संपायला तीन-चार मिनिटे उरली असताना बंगळुरूच्या दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि राहुल भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला.

२/
भेके हा मुंबईचा मराठी खेळाडू, आणि तोही बचावपटूच. त्याच्या एका हेडरने ज्या बचावफळीचे वर्षभराचे कष्ट वाया गेले, तिच्यात कार्लोस पेन्या उभा होता. स्पेनमधील दीर्घ कारकिर्दीनंतर हा बचावपटू त्याच हंगामात गोव्यात आला होता.

३/
कसारा घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. गाडी इगतपुरीला पोहोचली की ते सुटते. फलाटावरच्या पाटीवर नाव असते ते गाडीचे. बचावपटूच्या नशिबी बहुधा हेच येते, आणि म्हणूनच त्याची कारकीर्द गोलांच्या यादीत शोधून सापडत नाही.

४/
१९८३ साली जन्मलेला पेन्या बार्सिलोनाच्या ‘ब’ संघातून पुढे आला. त्या संघातून मुख्य संघात पोहोचणारे मोजकेच. बाकीच्यांना इतर शहरांत पोटापाण्याची सोय पाहावी लागते. पेन्याही अल्बासेते, वायादोलिद, ओविएदो, हेताफे, लोर्का असा फिरत राहिला. यातला बराचसा काळ दुसऱ्या श्रेणीत गेला. वायादोलिदकडून मात्र त्याला ला लिगा, म्हणजे स्पेनची सर्वोच्च श्रेणी, खेळायला मिळाली. मूळचा तो लेफ्ट बॅक. वय वाढले, वेग उतरला, तसा तो बचावफळीच्या मध्यभागी सरकला.

५/
आता गोव्याकडे. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने गोव्याला फुटबॉलची ओळख करून दिली, असे मानले जाते. म्हणजे ४५१ वर्षे पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या या प्रदेशात चेंडू आणला तो एका इंग्रजी नावाच्या पाद्र्याने! पुढे साळगांवकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी गोव्याला भारतीय फुटबॉलची एक राजधानी बनवले.

६/
२०१४ मध्ये एफसी गोवा स्थापन झाला तेव्हा प्रशिक्षक म्हणून आले ब्राझीलचे झिको. पुढच्याच वर्षी फातोर्ड्यात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, संघ अंतिम सामना चेन्नईयिनकडून २-३ असा हरला. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा आले. बार्सिलोनाच्या मुशीत घडलेल्या या प्रशिक्षकाने चेंडू आपल्याकडे राखून सतत आक्रमण करणारा संघ बांधला. पहिल्या हंगामात १८ साखळी सामन्यांत ४२ गोल केले, पण २८ स्वीकारले. छत सुंदर होते, भिंत कच्ची होती.

७/
ही भिंत पक्की करण्यासाठी २०१८ मध्ये पस्तिशीतल्या पेन्याला आणले गेले. शेजारी मुर्तादा फॉल हा उंचापुरा सेनेगाली. फॉल हवेतले चेंडू पाही. पेन्या जागा हेरून धोका आधीच मोडून काढी आणि मागून पहिला पास देऊन आक्रमणाची सुरुवात करून देई. त्यांच्या डावीकडे गोव्याचाच मंदार राव देसाई. मूळचा विंगर असलेल्या मंदारला लोबेरांनी लेफ्ट बॅक केले. पेन्याने आयुष्याचा मोठा भाग ज्या जागेवर काढला, तीच ही जागा. नवख्याच्या पाठीशी असा शेजारी असणे याचे मोल आकड्यांत मांडता येत नाही.

८/
जे मांडता येते ते असे : २०१८-१९ मध्ये १८ साखळी सामन्यांत स्वीकारलेले गोल २८ वरून २० वर आले. उपांत्य फेरीत मुंबई सिटीला तिच्याच मैदानावर ५-१ असे लोळवले. आणि मग अंधेरीचा तो कॉर्नर.

९/
महिनाही उलटला नव्हता. १३ एप्रिल २०१९ रोजी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियममध्ये गोव्याने चेन्नईयिनला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला. कोरो आणि ब्रँडन फर्नांडिस यांचे गोल. एफसी गोवाचा हा पहिला मोठा चषक. पराभवानंतर चार आठवड्यांत असे उभे राहणे हे त्या संघाचे खरे कर्तृत्व; लीगच्या झगमगाटात त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

१०/
२०१९-२० चा हंगाम विलक्षण होता. ३१ जानेवारीला, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना, लोबेरांना पदावरून दूर करण्यात आले! गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रे हाती घेतली. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० असे हरवून गोव्याने साखळी विजेत्याची ढाल मिळवली. ही ढाल त्याच वर्षी सुरू झाली होती. १८ सामने, ३९ गुण, ४६ गोल. बाद फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन लढतींत मिळून ६-५ अशी मात केली.

११/
त्या ढालीमुळे गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्यात त्यांनी कतारच्या अल रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखले. अल रय्यानचे प्रशिक्षक होते लोराँ ब्लाँ, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचे बचावपटू. पण ही पात्रता मिळवून देणारा पेन्या त्या रात्री मैदानात नव्हता. २०२० मध्येच त्याने बूट खुंटीला टांगले होते.

१२/
२०२२ मध्ये तो परतला, या वेळी मुख्य प्रशिक्षक म्हणून. ज्या भिंतीत कधी स्वतः चिरा होऊन उभा राहिला, तीच आता बाहेरून बांधायची होती. ते जमले नाही. २० सामन्यांत ३५ गोल स्वीकारले गेले. पहिल्या सहा संघांनाच बाद फेरीचे दार उघडे होते. गोवा २७ गुणांसह सातवा. शेवटच्या साखळी सामन्यात, २३ फेब्रुवारी २०२३ रोजी, गोवा १-३ असा हरला. समोर होता बंगळुरू.

१३/
हंगाम संपल्यावर पेन्या गेला. त्याच्या जागी आले मनोलो मार्केस, तेही स्पेनचेच.